स्वस्त तिकिटाची उरलेली किंमत

भोपाळच्या मराठी मंडळींचा कोणताही स्नेहमेळावा असो, जेवणे आटोपून गप्पांना रंग चढू लागला की एक विषय हटकून निघतो. तीन रुपयांत पाहिलेले नाटक, पाच रुपयांत रात्रभर ऐकलेले गाणे, आणि पहाटेची भैरवी संपताच सायकलवर टांग मारून थेट पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेली माणसे! त्या दिवसांची आठवण निघाली की साहजिकच आजच्या दरांकडे बोट दाखविले जाते. ‘आता गाणे ऐकणे सामान्य माणसाला परवडत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि त्यावर सर्वांचे एकमत होते.

या गप्पांत मीही आनंदाने सहभागी होतो. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीने गणेशोत्सवातील मंडपात, शाळांच्या सभागृहांत आणि मोकळ्या मैदानांवर सतरंजीवर बसूनच गाणे-नाटक अनुभवले. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या व्यवसायाने मला एक सवय लावली आहे. कोणताही आकडा एकट्याने वाचायचा नाही. दहा किलो वजनाच्या मुलाला दीडशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉल ही योग्य मात्रा. तीच मात्रा तीन किलोच्या अर्भकाला दिली तर अपायकारक. औषध तेच, आकडाही तोच. फरक पडतो तो वजनाने. तिकिटाचेही असेच आहे. पूर्वीचे तिकीट स्वस्त होते काय, असल्यास कोणासाठी, आणि ते स्वस्त ठेवण्यासाठी उरलेले पैसे कोण भरत होते, याचा विचार केल्यावाचून आजच्या दरांविषयी काही बोलणे हे वजन न करता औषध लिहून देण्यासारखे आहे. आपल्या संस्थेपुढेही दरवर्षी तिकीट किती ठेवावे हा प्रश्न येतो, म्हणून हा थोडा ऊहापोह.

वजनाप्रमाणे मात्रा

१९७३ पासून लागू झालेल्या तिसऱ्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा १९६ रुपये ठरले. चौथ्या आयोगाने १९८६ पासून ते ७५० रुपये केले, पाचव्याने १९९६ पासून २,५५०, सहाव्याने २००६ पासून ७,००० आणि सातव्याने २०१६ पासून १८,००० रुपये. आपल्या कारखान्यातील वेतनकरार वेगळे असत; तरी तुलनेसाठी हे आकडे सोयीचे आहेत. महागाई भत्ता दोन्हीकडे सोडून देऊ.

आता १९७३ चे तीन रुपयांचे तिकीट घ्या. १९६ रुपयांत ते सुमारे दीड टक्का होते. १८,००० रुपयांचा तेवढाच हिस्सा काढला तर तो २७५ रुपये भरतो. १९८६ मधील दहा रुपयांच्या तिकिटाचा हाच हिशेब केला तर आजचे २४० रुपये होतात. दुसऱ्या वाटेनेही पडताळून पाहता येईल. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची १९८२ ची मालिका २००१ च्या मालिकेशी ४.६३ या गुणकाने, आणि २००१ ची मालिका २०१६ च्या मालिकेशी २.८८ या गुणकाने जोडली जाते. २०१६ च्या मालिकेचा निर्देशांक २०२५ मध्ये १४० च्या पुढे होता. तिन्हींचा गुणाकार केला तर १९८२ चा एक रुपया आज सुमारे एकोणीस रुपयांच्या बरोबरीचा होतो. म्हणजे त्या वेळचे दहा रुपये आजचे १९० रुपये.

स्थानिक मंडळाच्या नाटकाला किंवा मैफिलीला आज दोन-तीनशे रुपयांचे तिकीट असेल, तर ते आपल्या आठवणीतल्या तिकिटापेक्षा फारसे महाग नाही, असेच यावरून म्हणावे लागते. शिवाय एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. तीन रुपये एका माणसाचे होते. आईवडील आणि तीन मुले असे पाच जणांचे कुटुंब निघाले तर पंधरा रुपये, म्हणजे त्या १९६ रुपयांतील साडेसात टक्क्यांहून अधिक रक्कम लागे. म्हणूनच कित्येक घरांतून दोनच तिकिटे काढली जात. एका नाटकाला वडील एका मुलाला घेऊन जात, पुढच्या नाटकाला आई दुसऱ्याला. आमच्या घरीही हाच क्रम होता.

मग स्वस्ताईची आठवण इतकी ठाम का? मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की प्रौढ माणसाला आपल्या आयुष्यातील साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील प्रसंग इतर काळापेक्षा अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे आठवतात. तिकिटाची किंमत त्या प्रसंगाला चिकटून राहते. वडिलांचा पगार मात्र मुलाला ठाऊकच नसतो. अंश लक्षात राहतो आणि छेद विसरला जातो.

जिथे तक्रार खरी आहे

याचा अर्थ सगळीच हळहळ व्यर्थ आहे असा नव्हे. मोठ्या, व्यापारी जलशांच्या बाबतीत ती पूर्णपणे खरी आहे. इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरीचा पहिला महोत्सव १९७० मध्ये झाला तेव्हा प्रवेशमूल्य एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट मिळे. २०२५ मध्ये तेच तिकीट ३७३ पौंड ५० पेन्स झाले. महागाई कितीही सढळ हाताने धरली तरी १९७० चा पौंड आजच्या वीस-एकवीस पौंडांपुढे जात नाही. अर्थात त्या महोत्सवाचा पसाराही आता शतपट झाला आहे. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत आणि अहमदाबादेत ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम झाले. त्यांची अधिकृत तिकिटे साधारण अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती, आणि पुनर्विक्रीत त्यांना लाखांचे भाव सांगितले गेले. पस्तीस हजार म्हणजे वर सांगितलेल्या मूळ वेतनाची जवळजवळ दोन महिन्यांची रक्कम!

या वाढीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी विकून कलावंत मिळवीत असत, तोवर जाहीर कार्यक्रम हे त्या विक्रीचे एक साधन होते. १९९९ नंतर इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेता येऊ लागली आणि मुद्रिकांचे उत्पन्न आटले. आता कार्यक्रम हेच मुख्य उत्पन्न. त्यात मोबाईलमुळे एकेका कलावंताचे चाहते कोट्यवधी, आणि मैदानात जागा मात्र काही हजार. अशा ठिकाणी दर आकाशाला भिडणे अटळ आहे. परंतु आपल्या शास्त्रीय मैफिली आणि मराठी नाटके या वर्गातील नाहीत. त्यांचे दुखणे वेगळे आहे.

राजवाड्यापासून तिकीटखिडकीपर्यंत

तिकीट ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. आश्रय सुटल्यावर त्यांची मंडळी गावोगावी फिरली आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. गाणे तर त्यानंतरही कितीतरी काळ देवळांत आणि दरबारांतच होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी सौराष्ट्रात अल्प दराची तिकिटे लावून जाहीर मैफल केली, ही त्या काळी क्रांतिकारक घटना मानली गेली; कारण तोपर्यंत ज्याला दरबारात प्रवेश नव्हता त्याला मोठ्या गवयाचे गाणे ऐकण्याचा मार्गच नव्हता. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या महापुरुषाने तिकिटाचा उपयोग दरवाजा उघडण्यासाठी केला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिकीट महाग ठेवण्यामागेही कधी चांगला हेतू असे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याचे वरचे तिकीट शंभर रुपये होते. ते काढणारा रसिक नाटकाबरोबर राष्ट्रकार्यालाही पैसे देत होता आणि ते त्याला माहीत होते.

दुसरीकडे ग्वाल्हेर दरबाराने १९२४ पासून तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह सुरू केला. संस्थान गेले, मध्यप्रदेश राज्य आले, तरी तो चालू राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. तेथे आजही प्रवेशमूल्य नाही. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले आपले भारत भवन हेही त्याच परंपरेतले. चार्ल्स कोरिआंनी आखलेल्या त्या वास्तूत, मोठ्या तलावाच्या काठी, आपल्या पिढीने जे पाहिले-ऐकले त्याचा खरा खर्च आपण कधीच दिला नाही. तो शासनाच्या तिजोरीतून गेला. १९७७ मध्ये प्रा. किरण सेठ यांनी सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ चळवळीने तर महाविद्यालयांत मोठमोठ्या कलावंतांना विनामूल्य आणून बसविले. तेथे उरलेली किंमत देणगीदारांनी, कार्यकर्त्यांनी आणि बिदागीत तडजोड करणाऱ्या कलावंतांनी भरली.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हा तिसरा मार्ग. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त तो सुरू केला. तेथे तिकीट होते आणि आहे. परंतु संपूर्ण महोत्सवाचे एकत्र तिकीट आणि भारतीय बैठक या दोन साध्या योजनांनी ते सामान्यांच्या आवाक्यात राहिले. खुर्च्या काढून जाजम अंथरले की त्याच मैदानात कितीतरी अधिक माणसे बसतात आणि खर्च तितक्या जणांत वाटला जातो. सतरंजीचे अर्थशास्त्र एवढेच आहे.

बरखेड्यात उरलेली किंमत कोणी भरली?

१९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली. १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा, हबीबगंज या वसाहती कारखान्याबरोबरच उभ्या राहिल्या. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, नागपूर, जबलपूर आणि थेट पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहू लागली. त्यांच्या कार्यक्रमांची स्वस्ताई कशातून आली ते पाहा. मैदान वसाहतीचे. मंडप उभारणारे हात कारखान्यातल्याच फिटर आणि वेल्डर मंडळींचे. ध्वनिक्षेपक कोणा हौशी इलेक्ट्रिशियनने जुळविलेला. कलावंत उतरत ते कोणाच्या तरी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. घरातील मुले त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपत. जेवणखाण गृहिणींकडे. रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे भाडे हाच सर्वांत मोठा रोख खर्च. तिकिटाला तिकीट म्हणायचे नाही, ‘देणगी प्रवेशिका’ म्हणायचे, म्हणजे करमणूक कराचा प्रश्न सुटे, हीदेखील त्यातलीच एक युक्ती.

या सगळ्याची बाजारभावाने किंमत केली असती तर तीन रुपयांचे तिकीट दहा-बारा रुपयांचे झाले असते, असा माझा अंदाज आहे. उरलेली किंमत पैशांत नव्हे, श्रमांत भरली जात होती, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या आयांनी स्वयंपाकघरात उभे राहून भरला. त्यांतील अनेकींना गाण्याचा पूर्वार्ध कधीच ऐकायला मिळाला नाही. स्वस्ताईचे गुणगान करताना त्यांचे ऋण मांडले जात नाही, ते मांडले जावे.

आज ते श्रम उपलब्ध नाहीत. घरातील स्त्रिया नोकरी-व्यवसायात आहेत, कलावंताला हॉटेलात उतरवावे लागते, सभागृहाचे भाडे, ध्वनी आणि प्रकाशयोजना, जनरेटर, परवानग्या, विमानभाडे हे सर्व रोखीने मोजावे लागते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा नाटक-संगीताच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला सूट होती. जानेवारी २०१८ पासून ती मर्यादा ५०० रुपये झाली. त्याहून महाग तिकिटावर मात्र अठरा टक्के कर.

खर्चाचा जुनाट आजार

याखेरीज आणखी एक मूलभूत कारण आहे, आणि डॉक्टरांना ते चटकन पटेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील सिद्धान्ताला पुढे ‘खर्चाचा आजार’ असेच नाव पडले. सिद्धान्त सोपा आहे. कारखान्यात नवी यंत्रे आली की एक ट्रान्सफॉर्मर बनविण्यास पूर्वीपेक्षा कमी मनुष्यतास लागतात; म्हणून कामगाराचा पगार वाढला तरी वस्तू त्या प्रमाणात महाग होत नाही. परंतु यमनचा बडा ख्याल मांडण्यास १९२५ मध्ये गायक, तबलजी, पेटीवाला आणि तंबोऱ्यावरचे साथीदार लागत, तितकेच आजही लागतात, आणि तासही तितकाच लागतो. गायकाने दुप्पट वेगाने गाऊन उत्पादन वाढवावे असे कोणी म्हणणार नाही! इतरांचे उत्पन्न वाढते तसे कलावंताचेही वाढले पाहिजे, नाहीतर त्याची मुले ती कला शिकणार नाहीत. म्हणून प्रत्यक्ष मैफल ही इतर वस्तूंच्या तुलनेत सतत महाग होत जाते.

आपल्या बाह्यरुग्ण विभागाचेही हेच नाही काय? रडणाऱ्या बाळाला शांत करून त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्यास माझ्या गुरुजनांना जितकी मिनिटे लागत तितकीच मला लागतात. लस मात्र कारखान्यात लाखांनी तयार होते आणि स्वस्त होते. ध्वनिमुद्रित संगीत हे लसीसारखे आहे. मोबाईलवर ते जवळजवळ फुकट पोहोचते. प्रत्यक्ष मैफल ही तपासणीसारखी आहे. तिला माणूस आणि वेळ द्यावाच लागतो. एकीच्या स्वस्ताईवरून दुसरीची किंमत ठरवू नये.

मैफिलीची लांबीही कमी झाली. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई झाली. वर्षातील काही मोजक्या दिवशी राज्य शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट कायम ठेवली. नवजात अर्भके आणि रुग्ण यांचा विचार करता मी या नियमांचा पुरस्कर्ताच आहे. परंतु त्यांचा परिणाम हिशेबावर होतो. पाच रुपयांत नऊ तास ऐकणारा श्रोता तासाला साठ पैसेही देत नव्हता. आज तीनशे रुपयांत तीन तास ऐकणारा तासाला शंभर रुपये देतो. आणि दरबारी, सोहनी, ललित यांसारखे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी उघड्या मंडपात ऐकण्याचा योग आता दुर्मिळ झाला, हे नुकसान रुपयांत सांगता येणार नाही.

डॉक्टरांच्या संगीतसंध्या

येथे आपल्या व्यवसायाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. देशभर डॉक्टरांच्या संस्थांच्या संगीतसंध्या अनेक वर्षे ‘विनामूल्य’ होत असत. मंचाच्या दोन्ही बाजूंना औषधांच्या नावांचे फलक असत आणि भोजनही उत्तम असे. हे तिकीट शून्य रुपयांचे होते. पण उरलेली किंमत कोण भरत होते? ती औषधाच्या किमतीत मिसळून शेवटी रुग्णाच्या खिशातून जात होती, म्हणजे ज्याला त्या सभागृहात प्रवेश नव्हता त्याच्याकडून. डिसेंबर २००९ मध्ये वैद्यकीय परिषदेने आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, आदरातिथ्य स्वीकारण्यास मनाई केली. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठीही एकसमान विपणन संहिता जारी झाली. यामुळे आपल्या संगीतसंध्या बंद पडतील अशी भीती काहींनी व्यक्त केली. मला तसे वाटत नाही. टोळ्यावर गोळ्या विकून गाणे ऐकण्यापेक्षा स्वतःचे तीनशे रुपये देऊन ऐकणे हे सुरांच्याही अधिक जवळचे आहे.

सतरंजीवरचे मूल

स्वस्त तिकिटाचा खरा लाभ कोणाला झाला, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, लहान मुलांना. मोठ्यांचे दोन-चार रुपये वाचले ही गौण गोष्ट. महत्त्वाचे हे की मूल बरोबर न्यायला फार विचार करावा लागत नसे. ते सतरंजीवर येई, अर्धा तास टक लावून पाही, कंटाळे, खेळे आणि आईच्या मांडीवर झोपी जाई. गाणे त्याच्या कानावर पडतच राही.

याला शास्त्रीय आधार आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या अर्भकांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद ओळखता येत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो बहुतांशी नाहीसा झाला, कारण तो त्यांच्या कानावर पडत नव्हता. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये लयीविषयी असेच दाखविले. बाल्कन प्रदेशातील असमान विभागणीच्या लयी सहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना समजत, वर्षाच्या बाळांना समजेनाशा होत. परंतु त्या वयात थोडे दिवस ते संगीत ऐकविले तर ही क्षमता परत येई. मोठ्यांमध्ये मात्र तेवढ्याने ती येत नसे. आपला रूपक हा तीन-दोन-दोन अशा असमान विभागणीचाच ताल आहे. तो ज्याच्या कानावर बालपणी पडला त्याला पुढे सम शोधावी लागत नाही.

पालकांचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. संगीताने मुलाची बुद्धी वाढते असा दावा मी करीत नाही. १९९३ मध्ये गाजलेला ‘मोझार्ट परिणाम’ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत, एका विशिष्ट प्रकारच्या कसोटीत, दहा-पंधरा मिनिटेच दिसला होता. त्यावरून अर्भकांसाठी सीडी विकणे हा व्यापार होता. दुसरे, मुलाला ध्वनिक्षेपकाजवळ बसवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी आठवड्याला चाळीस तासांसाठी ७५ डेसिबलची मर्यादा ओलांडू नये. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. मंचाच्या मधोमध, कर्ण्यांपासून दूर, ही मुलांची जागा.

आज आपल्या कार्यक्रमांत मागे उभे राहून पाहिले तर पांढऱ्या केसांची रांग दिसते. मुले नाहीत. पाचशेच्या खुर्चीवर चार वर्षांचे मूल बसविणे पालकांना परवडत नाही आणि ते रडले तर शेजारी नाराज होतात. पुढील शिक्षणासाठी आपली मुले पुण्या-बंगळूरला जाणारच. पण जाताना कानात काय घेऊन जातील, हा प्रश्न तिकिटाच्या दराइतकाच आपल्या हातात आहे.

काय करता येईल

पहिली सूचना अशी की प्रवेशिकेवर खरा खर्च छापावा : या जागेचा खर्च इतका, आपण दिले इतके, उरलेले अमुक सभासदांनी दिले. यामुळे देणाऱ्याचा मान राहतो आणि घेणाऱ्याला किंमत कळते.

दुसरी, मंचासमोरच्या दोन रांगा काढून तेथे सतरंजी अंथरावी आणि बारा वर्षांखालील मुलांना दहा रुपयांची प्रवेशिका द्यावी. फुकट नको, फुकटच्या प्रवेशिका घरीच राहतात हा सर्वच मंडळांचा अनुभव आहे. कार्यक्रम दुपारी चारला सुरू करून सातपर्यंत संपवावा, म्हणजे मुलांची झोप मोडणार नाही.

तिसरी, एकट्याने कलावंत बोलावू नये. इंदूरच्या ‘सानंद’ने सभासद-पद्धतीने एकाच नाटकाचे सलग अनेक प्रयोग करून प्रवासखर्च वाटून टाकला. आपणही इंदूर, देवास, उज्जैन येथील मंडळांशी तारखा जुळविल्या तर एका विमानभाड्यात चार गावे ऐकतील.

चौथी सूचना आपल्याच व्यवसायबंधूंसाठी. वर्षातील एका दिवसाचे तपासणी-शुल्क प्रत्येकाने मुलांच्या प्रवेशिकांसाठी द्यावे. भावे, पलुस्कर यांनी तिकिटाने जो दरवाजा उघडला तो पुढच्या पिढीसाठी उघडा ठेवण्याची ही अगदी माफक किंमत आहे.

वाचकांच्या हातात जी स्मरणिका आहे तिची पानेही एकदा या दृष्टीने चाळावीत. लेखांच्या मधोमध पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, दागिन्यांची दुकाने, मंगल कार्यालये यांच्या जाहिराती दिसतील. आपण त्या उलटून पुढे जातो. या वर्षीच्या कार्यक्रमाचे तिकीट ज्या दराला आपल्याला मिळाले, त्याच्या उरलेल्या किमतीचा काही भाग त्यांनी भरला आहे. त्यांचे आभार मानावेत, आणि पुढच्या वर्षी त्या यादीत आपलेही नाव असावे, एवढीच विनंती.